दाहशामक स्टेरॉईड संप्रेरकांचा शोध आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील आरोग्यसेवा : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून मिळणाऱ्या संप्रेरकांचा शोध आणि त्यांतून निर्माण झालेली कॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन ही औषधे हा विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राचा एक महत्त्वाचा टप्पा होय. प्रस्तुत निबंधात या शोधाचा इतिहास संक्षेपाने मांडला असून, कुष्ठरोगातील प्रतिक्रिया, मेंदूचा हिवताप आणि अकाली प्रसूती या तीन क्षेत्रांतील त्यांच्या उपयोगाचा विचार चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. ही औषधे आज स्वस्त आहेत. मात्र त्यांचा लाभ रुग्णाची वेळेवर तपासणी, मात्रेची क्रमशः घट आणि दीर्घ पाठपुरावा यांवर अवलंबून असतो, हे या आढाव्यातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : कॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन, कुष्ठरोग, कुष्ठ-प्रतिक्रिया, हिवताप, अकाली प्रसूती, चंद्रपूर, गडचिरोली.

१. प्रस्तावना

एप्रिल १९४९ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांवर केलेल्या एका नव्या उपचाराचे निष्कर्ष जाहीर केले. त्या औषधाला पुढे ‘कॉर्टिसोन’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी तत्कालीन चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये आनंदवन उभे राहिले. या दोन घटनांचा परस्परांशी कोणताही संबंध नव्हता. कॉर्टिसोनच्या जनकांसमोर कुष्ठरोग नव्हता आणि वरोऱ्याच्या खडकाळ माळरानावर काम करणाऱ्यांना हे महागडे औषध उपलब्ध होण्याची शक्यताही नव्हती. तथापि पुढील काळात कॉर्टिसोनच्याच कुळातील प्रेडनिसोलोन हे औषध कुष्ठरुग्णांचे हात, पाय व डोळे वाचविण्याचे प्रमुख साधन ठरले.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीच्या भौगोलिक क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे. गोंड, माडिया व इतर आदिवासी समाजांची विखुरलेली वस्ती, नद्यांनी विभागलेला मुलूख आणि पावसाळ्यात तुटणारा संपर्क ही येथील आरोग्यसेवेची नित्याची परिस्थिती होय. अशा प्रदेशात एखाद्या औषधाचा इतिहास प्रयोगशाळेत संपत नाही. ते औषध रुग्णापर्यंत कसे पोहोचले आणि पोहोचल्यानंतर त्याचे काय झाले, हाही त्या इतिहासाचा भाग ठरतो.

२. शोधाची पार्श्वभूमी

मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे महत्त्व प्रथम इंग्लंडमधील थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये दाखवून दिले. या ग्रंथी निकामी झालेले रुग्ण क्षीण होत जातात, त्यांची त्वचा काळवंडते व अखेरीस ते दगावतात, असे त्यांनी नोंदविले. ग्रंथीच्या बाह्यकात जीवनावश्यक असे काही द्रव्य असले पाहिजे, हा विचार त्यातून पुढे आला.

१९३० च्या दशकात दोन ठिकाणी या द्रव्याचा शोध समांतरपणे सुरू होता. मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये तादेउश राइखश्टाइन हे जनावरांच्या ग्रंथींपासून स्फटिकरूप संयुगे वेगळी करीत होते. केंडल यांनी आपल्या संयुगांना इंग्रजी अक्षरांची नावे दिली. त्यांतील ‘संयुग ई’ हेच पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखले गेले. मोठ्या प्रमाणावर ग्रंथी वापरूनही हाती येणारे द्रव्य अत्यल्प असे.

याच संस्थेतील हेंच यांचा मार्ग मात्र रुग्णशय्येवरून जाणारा होता. १९२९ मध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने ग्रस्त असलेल्या एका ६५ वर्षांच्या डॉक्टरला कावीळ झाली आणि त्याच्या सांध्यांच्या वेदना ओसरल्या. गरोदर स्त्रियांमध्येही हा संधिवात तात्पुरता कमी होतो, असे हेंच यांना आढळले. शरीर स्वतःच एखादे संधिवातरोधक द्रव्य निर्माण करीत असावे, असा तर्क त्यांनी केला. या द्रव्याला त्यांनी ‘एक्स’ असे म्हटले आणि केंडल यांच्याशी झालेल्या चर्चेतून संयुग ई वापरून पाहण्याचे ठरले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वैमानिकांना अधिवृक्क ग्रंथींचा अर्क दिला जातो, अशी अफवा पसरली. तीमुळे अमेरिकेत या संशोधनाला प्राधान्य मिळाले. १९४४ मध्ये मर्क कंपनीतील लुईस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातील आम्लापासून अनेक टप्प्यांच्या प्रक्रियेने कॉर्टिसोन तयार केले. अखेर २१ सप्टेंबर १९४८ रोजी अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला ते टोचण्यात आले. दररोज १०० मिलिग्रॅम या मात्रेने काही दिवसांतच तिच्या सांध्यांचा ताठरपणा गेला आणि ती चालू लागली. १९५० चे शरीरक्रियाशास्त्र व वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक केंडल, राइखश्टाइन व हेंच यांना विभागून देण्यात आले.

औषध बंद करताच व्याधी परत येते, हे संशोधकांना प्रारंभीच दिसले होते. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत औषध दिल्यास चेहरा सुजणे, रक्तदाब व रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग बळावणे आणि मनोविकार उद्भवणे हे दुष्परिणामही लवकरच उघड झाले. कॉर्टिसोन रोगाचे मूळ कारण दूर करीत नाही, रोगाला शरीराने दिलेली दाहयुक्त प्रतिक्रिया शमविते, हा निष्कर्ष पहिल्या काही वर्षांतच निघाला.

३. दुर्मिळ द्रव्याचे स्वस्त औषध

१९४९ मध्ये कॉर्टिसोनची किंमत प्रतिग्रॅम सुमारे २०० डॉलर होती. हेंच यांच्या मात्रेने हिशेब केल्यास एका रुग्णाच्या एका दिवसाच्या उपचाराला २० डॉलर लागत. औषध सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यासाठी उत्पादनाची वेगळी पद्धत शोधणे अपरिहार्य होते.

ही पद्धत दोन अनपेक्षित स्रोतांतून मिळाली. पहिला स्रोत रानकंदाचा. मेक्सिकोतील डायोस्कोरिया प्रजातीच्या कंदांत असणाऱ्या डायोसजेनिन या द्रव्यापासून स्टेरॉईड संप्रेरके तयार करता येतात, हे रसेल मार्कर यांनी दाखविले होते. १९५१ मध्ये मेक्सिकोतील सिंटेक्स कंपनीत कार्ल जेरासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायोसजेनिनपासून कॉर्टिसोन तयार केले. भारतातही पुढे हिमालयातील डायोस्कोरिया डेल्टॉइडिया या वनस्पतीचा असा औद्योगिक उपयोग झाला. दुसरा स्रोत बुरशीचा. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतील ड्युरी पीटरसन व हर्बर्ट मरे यांनी ऱ्हायझोपस या बुरशीच्या साह्याने प्रोजेस्टेरॉनच्या रेणूत हवा तो बदल एकाच टप्प्यात घडवून आणला. त्यामुळे रासायनिक प्रक्रियेतील अनेक टप्पे वाचले आणि काही वर्षांतच किंमत प्रतिग्रॅम काही डॉलरवर आली.

१९५५ च्या सुमारास शेरिंग कंपनीने प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन बाजारात आणले. त्यांचा दाहशामक गुण कॉर्टिसोनहून सुमारे चारपट अधिक होता आणि शरीरात क्षार व पाणी साठविण्याची प्रवृत्ती तुलनेने कमी होती. त्यानंतर अधिक प्रभावी असे डेक्सामेथासोन आले. तोंडाने घेता येणारी, साध्या तापमानात टिकणारी व अल्प किमतीची प्रेडनिसोलोनची गोळी हीच पुढे ग्रामीण आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचली.

४. कुष्ठरोग आणि प्रतिक्रिया

विदर्भात कुष्ठसेवेची परंपरा जुनी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये हे कार्य सुरू केले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीचा पुरस्कार केला. वरोऱ्याला आनंदवन, मूल तालुक्यात सोमनाथ आणि १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प अशी बाबा आमटे यांच्या कार्याची वाढ झाली. हेमलकसा येथील वैद्यकीय सेवेची धुरा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सांभाळली.

आनंदवनाच्या उभारणीच्या काळात डॅप्सोन हे सल्फोन गटातील औषध भारतात प्रचारात येत होते. त्याने कुष्ठजंतूंची वाढ रोखली जाई. तथापि उपचार सुरू असतानाही काही रुग्णांचे चट्टे अचानक लाल होऊन सुजत, मज्जातंतू जाड व दुखरे होत आणि थोड्या दिवसांत बोटे वाकडी होत किंवा पाऊल लुळे पडे. या अवस्थेला कुष्ठ-प्रतिक्रिया म्हणतात. जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती एकाएकी जागृत झाल्याने मज्जातंतूत दाह निर्माण होतो. मज्जातंतूचे आवरण न ताणणारे असल्यामुळे आतील सूज त्यालाच दाबून टाकते. कोपरामागील मज्जातंतू दाबला गेल्यास हात निकामी होतो, गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा दाबला गेल्यास पाऊल उचलता येत नाही आणि चेहऱ्याचा दाबला गेल्यास पापणी मिटत नाही. हा पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेचा परिणाम होय. दुसऱ्या प्रकारात ताप, अंगावर वेदनायुक्त गाठी, डोळ्यांचा व सांध्यांचा दाह अशी लक्षणे वारंवार उद्भवतात.

कुष्ठरोगातील विकृतीचा मोठा भाग जंतूंपेक्षा या प्रतिक्रियांमुळे घडतो. त्यामुळे दाह शमविणाऱ्या औषधाचे महत्त्व येथे विशेष ठरले. १९५० च्या दशकापासून प्रतिक्रियांवर स्टेरॉईडचा वापर सुरू झाला आणि पुढे प्रेडनिसोलोन हा पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेचा मान्य उपचार झाला. दुसऱ्या प्रकारावर १९६० च्या दशकात जेरुसलेम येथील जेकब शेस्किन यांना थॅलिडोमाइडचा गुण आढळला. पुढे क्लोफाझिमिनचाही उपयोग होऊ लागला. तरीही तातडीच्या उपचारात स्टेरॉईडचे स्थान कायम राहिले.

सामाजिक दृष्टीने या प्रतिक्रियेचा आणखी एक परिणाम लक्षणीय आहे. औषध सुरू केल्यावर त्रास वाढला, म्हणजे औषधच बाधले, असा समज करून अनेक रुग्ण उपचार सोडतात. जंतुनाशक उपचार सुरू ठेवून त्याच्या जोडीने प्रेडनिसोलोन घ्यावयाचे असते, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणारी व्यक्ती जवळ नसेल, तर दोन्ही औषधे व्यर्थ जातात. माडिया व गोंडी बोलणाऱ्या भागात ही अडचण अधिक तीव्र असते.

५. चौऱ्याऐंशी दिवसांचा उपचार

प्रेडनिसोलोनची मात्रा एकदम बंद करता येत नाही. बाहेरून मिळणाऱ्या औषधामुळे शरीराच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवितात. औषध अचानक थांबविल्यास मूळ दाह उसळतोच, शिवाय रुग्णाच्या जिवालाही धोका संभवतो. म्हणून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात दीर्घकाळ १२ आठवड्यांची उतरती मात्रा प्रचारात होती. दररोज ४० मिलिग्रॅमपासून आरंभ करून दर दोन आठवड्यांनी ती ३०, २०, १५, १० व शेवटी ५ मिलिग्रॅम अशी कमी केली जाई. या क्रमाने ८४ दिवसांत १,६८० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या ३३६ गोळ्या लागतात.

गोळ्यांचा खर्च थोडा असला तरी उपचाराच्या पूर्वअटी पुष्कळ आहेत. उपचारापूर्वी मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग व पोटातील कृमी यांची तपासणी व्हावी लागते. दर दोन आठवड्यांनी बॉलपेनच्या टोकाने तळहात व तळपायाची संवेदना तपासणे आणि स्नायूंची ताकद अजमावणे आवश्यक असते. मज्जातंतूची हानी सहा महिन्यांच्या आत लक्षात आल्यास ती भरून येण्याची शक्यता असते. त्यानंतर उपचार केला तरी लाभ अल्प होतो.

भामरागड तालुक्याच्या संदर्भात या वेळापत्रकाचा विचार उद्बोधक ठरतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. जूनच्या मध्यास उपचार सुरू झालेल्या रुग्णाचे ८४ दिवस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होतात. याचा अर्थ मात्रा बदलण्याचा व तपासणीचा प्रत्येक दिवस पावसाळ्यात येतो. रोवणीच्या हंगामात मजुरी बुडवून आरोग्य केंद्रात येणेही शेतमजुराला परवडत नाही. अशा वेळी गावातील आरोग्यसेविका, आशा कार्यकर्ती किंवा कुष्ठरोग तंत्रज्ञ हाच रुग्ण व वैद्यकीय अधिकारी यांच्यातील दुवा असतो.

उपचाराचा कालावधी किती असावा, याविषयी नंतर अनेक चाचण्या झाल्या. भारतातील बहुकेंद्री चाचणीचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष तीन महिन्यांपेक्षा पाच महिन्यांच्या उपचाराच्या बाजूने होते. नेपाळ व बांगलादेशातील चाचणीत (२००४) मज्जातंतूची हानी टाळण्यासाठी आधीपासूनच प्रेडनिसोलोन देऊन पाहण्यात आले. चार महिन्यांपर्यंत दिसलेला लाभ वर्षाअखेरीस टिकला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २० व ३२ आठवड्यांच्या उपचारांत लक्षणीय फरक आढळला नाही. एकंदरीत पाहता उपचार पुरेसा दीर्घ असावा, परंतु अमर्याद लांबवून लाभ वाढत नाही, असे या चाचण्यांचे तात्पर्य आहे.

येथे निर्मूलनाच्या आकडेवारीचा प्रश्न उपस्थित होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारामुळे रुग्ण ठराविक मुदतीत जंतुमुक्त होऊ लागले. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट साध्य झाले. चंद्रपूर व गडचिरोलीसह पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत मात्र रोगाचे प्रमाण त्यानंतरही अधिक राहिले. शिवाय या गणनेत केवळ जंतुनाशक उपचार चालू असलेल्या रुग्णांचाच समावेश होतो. उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाचे नाव नोंदवहीतून कमी होते, परंतु प्रतिक्रिया त्यानंतरही उद्भवू शकते. म्हणजेच प्रेडनिसोलोनची गरज असलेला रुग्ण अनेकदा आकडेवारीच्या बाहेर असतो. कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाल्यावर मज्जातंतूची तपासणी करणारे अनुभवी हातही कमी झाले. निर्मूलनाचे यश आणि विकृती टाळण्याचे यश या दोन भिन्न बाबी आहेत, हे यावरून दिसते.

६. हिवताप व अकाली प्रसूती : दोन इशारे

गडचिरोली हा महाराष्ट्रातील हिवतापाचा प्रमुख जिल्हा होय. येथे फाल्सिपेरम प्रकारचा हिवताप आढळतो. तो मेंदूपर्यंत गेल्यास रुग्ण बेशुद्ध होतो. मेंदूची सूज कमी होईल या अपेक्षेने अशा रुग्णांना डेक्सामेथासोन देण्याची पद्धत जगभर होती. १९८२ मध्ये डेव्हिड वॉरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमधील १०० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डेक्सामेथासोन दिलेल्या रुग्णांची बेशुद्धी सरासरी सुमारे ६३ तास, तर न दिलेल्यांची सुमारे ४७ तास टिकली. मृत्यूंच्या संख्येत फरक नव्हता, परंतु न्यूमोनिया व आतड्यातील रक्तस्राव यांसारख्या गुंतागुंती वाढल्या होत्या. तर्काने योग्य वाटणारा उपचार प्रत्यक्षात अपायकारक ठरला.

दुसरा इशारा नवजात बालकांसंबंधीचा आहे. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स व रॉस हॉवी यांनी अकाली प्रसूतीपूर्वी मातेला बीटामेथासोन दिल्यास बालकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात व मृत्यू टळतात, हे सिद्ध केले. भारतात २०१४ मध्ये केंद्र सरकारने २४ ते ३४ आठवड्यांच्या गरोदरपणात प्रसूतीची लक्षणे दिसल्यास डेक्सामेथासोन देण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. रुग्णालयात पाठविण्यापूर्वीची मात्रा आरोग्यसेविकेनेही द्यावी, अशी त्यात तरतूद होती.

२०१५ मध्ये सहा देशांतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतातील नागपूर व बेळगाव ही तिची केंद्रे होती. स्टेरॉईडचा वापर वाढविलेल्या भागांत कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यूदर हजारी २७.४, तर तुलनेच्या भागांत २३.९ आढळला. मातांमधील जंतुसंसर्गाचे प्रमाणही वाढले. गरोदरपणाचे आठवडे निश्चित नसताना अनेक स्त्रियांना हे औषध मिळाले, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील चाचणीत सुसज्ज रुग्णालयांत, सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवून औषध देण्यात आले. तेथे नवजात मृत्यूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध एकच असूनही भोवतालच्या व्यवस्थेनुसार परिणाम उलट झाला.

या संदर्भात गडचिरोलीतीलच एक वेगळा प्रयोग स्मरणीय आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्त्री आरोग्यदूतांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. ऊब, स्तनपान, वजनाची नोंद, जंतुसंसर्गाची ओळख व वेळेवर प्रतिजैविके हे या पद्धतीचे घटक होते. स्टेरॉईडचा त्यात समावेश नव्हता. तथापि स्टेरॉईडच्या सुरक्षित वापरासाठी ज्या नियमित भेटी व नोंदी लागतात, त्या खेड्यातील प्रशिक्षित स्त्री करू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

७. स्वस्ताईची दुसरी बाजू

स्टेरॉईड स्वस्त झाल्याने त्यांचा अनिर्बंध वापरही वाढला. ताप, अंगदुखी, दमा अशा कोणत्याही तक्रारीवर डेक्सामेथासोनचे इंजेक्शन दिल्यास रुग्णाला तत्काळ बरे वाटते आणि देणाऱ्याचा लौकिक वाढतो. मूळ आजार मात्र झाकला जातो. त्वचेवरील चट्ट्याला स्टेरॉईडयुक्त मलम लावल्यास त्याची लाली उतरते, परंतु चट्टा कुष्ठरोगाचा असेल तर निदानच लांबणीवर पडते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या विनाचिठ्ठी विक्रीवर निर्बंध आणले.

कोविड साथीत या औषधाच्या दोन्ही बाजू एकत्र दिसल्या. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील चाचणीने ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे दाखविले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ दिसला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचा उद्रेक झाला. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉईडचा अतिवापर ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली. या रोगास बहुधा कारणीभूत असणारी ऱ्हायझोपस बुरशी ही १९५२ मध्ये कॉर्टिसोन स्वस्त करणाऱ्या बुरशीच्याच कुळातील होय.

८. निष्कर्ष

१. दाहशामक स्टेरॉईड संप्रेरकांचा शोध हा रुग्णनिरीक्षण, रसायनशास्त्र व उद्योग यांच्या सहकार्याचे फळ आहे. १९४८ ते १९५५ या अल्पावधीत एक दुर्मिळ द्रव्य सर्वसुलभ औषध बनले.

२. चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने या शोधाचा सर्वांत मोठा लाभ कुष्ठ-प्रतिक्रियांच्या उपचारात आहे. हा लाभ वेळीच निदान आणि सलग पाठपुरावा यांवर अवलंबून आहे.

३. उपचार पूर्ण झालेले कुष्ठरुग्ण प्रचलित गणनेतून वगळले जात असल्याने प्रतिक्रियांची गरज आकडेवारीत दिसत नाही. अशा रुग्णांची नियमित मज्जातंतू-तपासणी, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, होणे आवश्यक आहे. संपर्क तुटणाऱ्या गावांतील रुग्णांना पुढील आठवड्यांच्या गोळ्या मात्रानिहाय पाकिटांत व स्थानिक बोलीतील सूचनांसह आधीच दिल्या जाव्यात आणि गावातील आशा कार्यकर्तीने त्या उतरत्या क्रमाने घेतल्या जात असल्याची खात्री करावी.

४. मेंदूचा हिवताप व अकाली प्रसूती या क्षेत्रांतील चाचण्या असे दर्शवितात की, एका ठिकाणी जीव वाचविणारे औषध दुसऱ्या परिस्थितीत अपाय करू शकते.

५. हेंच यांच्या पहिल्या रुग्णाला कॉर्टिसोनने व्याधीपासून तात्पुरती मुक्तता मिळवून दिली. कुष्ठरुग्णाच्या मज्जातंतूलाही प्रेडनिसोलोन सावरण्यासाठी काही आठवड्यांची मुदत देते. त्या मुदतीत रुग्णापर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचण्याची जबाबदारी आरोग्ययंत्रणेची आहे आणि वनप्रधान जिल्ह्यांत या शोधाचा वारसा त्यावरूनच ठरणार आहे.